नकाशावरची रेघ आणि विजेचे बिल

कात्रजच्या तलावाचे पाणी पुणे शहरात आणण्यासाठी नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, दगडी भुयारी नळ बांधला गेला. त्याच्या वाटेवर अंतराअंतराने बुरुजासारखी उभी बांधकामे होती. त्यांना उच्छ्वास म्हणत. कोंडलेली हवा तिथून बाहेर पडे, गाळ काढायला माणूस तिथूनच आत उतरे. आज हे काम एअर व्हॉल्व्ह आणि मॅनहोल करतात. नाव मात्र जुनेच अधिक बोलके होते.

तो नळ निव्वळ उताराने वाहत होता, त्यामुळे जमीन नेईल तिकडे जाणे एवढेच त्याच्या आखणीला करायचे होते. पंप आला आणि ही बांधिलकी सुटली. पाणी टेकाडावरही चढू लागले. पण प्रत्येक चढाची किंमत रोज मोजावी लागते. एक कोटी लिटर पाणी १०० मीटर उंच चढवायचे, तर पंप आणि मोटारीची एकत्रित कार्यक्षमता ७० टक्के धरून दिवसाला सुमारे ३,९०० युनिट वीज लागते. त्यात नळातल्या घर्षणाचा हिशेब अजून धरलेलाच नाही. नळाचा व्यास २० टक्क्यांनी कमी केला, तर तेवढ्याच प्रवाहाला घर्षण जवळजवळ तिप्पट होते. पाइप बारीक घेतला की अंदाजपत्रक आटोक्यात येते, बिल मात्र पुढची तीस वर्षे फुगलेले राहते. किफायतशीर व्यास काढण्याचे गणित या ग्रंथात पुढे सविस्तर आहे. ते अवघड नाही. खरी अडचण ही की पाइपचे पैसे एकजण देतो आणि विजेचे दुसरा. जलजीवन मिशनमध्ये, २०१९पासून, महाराष्ट्रासारख्या राज्यात उभारणीचा भार प्रामुख्याने केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. चालवण्याचा खर्च पाणीपट्टीतून निघावा अशी अपेक्षा असते. अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्याला पुढचे वीजबिल भरायचे नसते. माझ्या मते या विषयातल्या निम्म्या चुकांचे मूळ इथे आहे.

वाट निवडताना सरळ रेघ सर्वांत स्वस्त, असे नवख्याला वाटते. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०३ साली कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पाणी पोहोचले, ते सुमारे ५३० कि.मी.ची वाहिनी आणि आठ पंपिंग स्टेशने ओलांडून. त्यासाठी २५ लाख पौंडांचे कर्ज काढले होते. ही वाहिनी बव्हंशी रेल्वेच्या कडेने गेली, कारण पाइप आणि वाफेच्या पंपांना लागणारा कोळसा दोन्ही रेल्वेनेच आणायचे होते. आपल्याकडे जायकवाडीहून छत्रपती संभाजीनगरला येणाऱ्या नव्या वाहिनीने पैठण रस्त्याची बाजू धरली, आणि त्याच रस्त्याचे रुंदीकरण निघाल्यावर जागेचा वाद उभा राहिला. त्या योजनेचा आकडाही १,६८० कोटींवरून २,७४० कोटींवर गेला. रस्त्याची कडा दुरुस्तीला सोयीची खरी, पण तिच्यावर आणखी कोणाचा डोळा आहे हे आखणीआधी विचारावे लागते. वनजमीन, रेल्वे क्रॉसिंग, शेतातून जाण्याची संमती यांचे कागद वेगळेच. त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे.

प्रादेशिक नळपाणी योजनेत आणखी एक गोष्ट नकाशावर दिसत नाही. एका उद्भवावर अनेक गावे असली की वाटेतली गावे आधी पाणी घेतात. मुख्य वाहिनीला कुणीतरी परस्पर जोड मारतो, दाब उतरतो आणि टोकाच्या गावात नळ कोरडे पडतात. तिथले लोक पाणीपट्टी थांबवतात, आणि त्यांचे चुकते असे म्हणवत नाही. पण बिल सगळ्यांचे एक असते. ते थकले की वीज तोडली जाते आणि धरण भरलेले असतानाही सगळ्या गावांचे पाणी बंद होते. म्हणून टोकाच्या गावाचा दाब हा केवळ अभियांत्रिकीचा प्रश्न मानता येत नाही. योजनेचा जमाखर्च त्याच्यावर तोलून असतो.

पहिले प्रकरण उघडण्याआधी वाचकाने एक करावे. आपल्या जवळच्या योजनेचे महिन्याचे वीजबिल मिळवावे, त्याला त्या महिन्यात प्रत्यक्ष पोहोचलेल्या पाण्याने भागावे, आणि येणारा आकडा या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवावा. व्यासाच्या प्रकरणात तो पुन्हा लागणार आहे.