पाटी, वही आणि रिकामी खाच

मागच्या व्याख्यानानंतर एक आजी थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, नातू म्हणतो कॉम्प्युटरची मेमरी वाढवू. पण ती बदलली तर माझे फोटो जातील का हो?" आजूबाजूचे काही जण हसले. मला हसू आलं नाही, कारण त्याच आठवड्यात गारखेड्यात माझ्या घरीही तोच प्रश्न टेबलावर होता.

उत्तर आधी देतो. फोटो जात नाहीत. आपण शाळेत पाटी आणि वही दोन्ही वापरायचो. वहीत लिहिलेलं राहायचं, पाटीवर गणित करायचं आणि पुसायचं. संगणकाची डिस्क ही वही आहे आणि रॅम ही पाटी. प्लेटोने 'थिएटेटस' या संवादात मनातल्या मेणाच्या पाटीची कल्पना मांडली आहे. ती कुणाची मोठी असते, कुणाची लहान. पण त्याच्या मेणावरचा ठसा टिकतो, आपल्या रॅमवरचा वीज गेली की जातो. म्हणून तिला 'स्मृती' म्हणण्यापेक्षा 'अवधान' म्हणणं मला अधिक योग्य वाटतं.

आता थोडा इतिहास बघू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली 'टिफ्रॅक' हा संगणक तयार झाला आणि 1960 साली वापरात आला. 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याला हे नाव दिलं. त्याची मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची होती. मण्यांसारख्या त्या कड्या तारांत ओवलेल्या, एका कडीत एक बिट. चाळीस बिटांचे दोन हजार शब्द धरले, तरी सगळी मिळून दहा किलोबाइट होतात. आज आपण मोबाइलवर पाठवतो तो एक फोटोही त्यात मावणार नाही. गंमत अशी की कडीतलं वाचलं की ते पुसलं जायचं, म्हणून वाचून झाल्याबरोबर परत लिहावं लागायचं.

मग आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी वेगळी युक्ती काढली. तिचं पेटंट 1968 चं. एका बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि विद्युतभार साठवणारं एक इवलंसं भांडं. पण हे भांडं गळकं! त्यातला भार ओसरतो, म्हणून बऱ्याच रॅममध्ये साधारण दर 64 मिलिसेकंदांनी सगळं वाचून पुन्हा भरतात. म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा उजळणी. आम्ही पाढे म्हणायचो ते दिवसातून एकदा, तेही मार बसेल म्हणून.

1981 साली आयबीएमचा पीसी आला, तेव्हा मेमरी वाढवायची तर एकेक चिप बोर्डावर बोटाने दाबून बसवावी लागे. 1983 च्या सुमारास वँग लॅबोरेटरीजमध्ये बऱ्याच चिपा एका पट्टीवर बसवण्याची कल्पना पुढे आली. पट्टी खाचेत घालायची, बस्स. पुढे 'जेडेक' या संस्थेमार्फत कंपन्यांनी मापं ठरवून घेतली: किती पिना, किती व्होल्ट, कापा कुठे. एकाने बोर्ड करावा, दुसऱ्याने पट्टी, आणि तिसऱ्याने घरी बसून ती बसवावी. या साध्या कराराला मी विसाव्या शतकातली एक मोठी सामाजिक गोष्ट मानतो.

आता माझ्या टेबलाकडे या. माझा डेस्कटॉप 2012 चा, दोन जीबीचा. टिपणं आणि ब्राउझर एकत्र उघडले की डिस्कचा दिवा लुकलुकत राहायचा आणि माझा चहा होऊन जायचा. होतं काय, पाटी भरली की संगणक त्यावरचा मजकूर वहीच्या मागच्या पानावर उतरवतो आणि लागला की परत आणतो. या हेलपाट्यांत वेळ जातो. दुकानात सांगितलं, "सर, टाका हा, नवीन घ्या." पण युनिकोड रुळण्याआधीच्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेली माझी वर्षानुवर्षांची टिपणं याच यंत्रावर नीट उघडतात. दुसरीकडे त्यांची निरर्थक चिन्हं होतात. यंत्र टाकायचं तर आधी ती सगळी युनिकोडमध्ये आणायची, आणि त्याला सवड हवी होती.

एक जुना विद्यार्थी आला. वायर काढली, वीज नसताना एकदा चालू करायचं बटण दाबून उरलासुरला भार घालवला, पेटीच्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवली, आणि झाकण उघडलं. आत दोन खाचा, त्यातली एक रिकामी! पहिली आणलेली पट्टी बसेना. ती डीडीआर2 ची होती, बोर्ड डीडीआर3 चा. दोन्हींच्या पिना 240 च, पण काप वेगळ्या जागी. बळाने दाबली असती तर बोर्डच गेला असता. दुसऱ्या दिवशी चार जीबीची योग्य पट्टी आणली. जुनीचे सोनेरी दात खोडरबराने पुसले आणि दोन्ही 'टक्' आवाज येईपर्यंत बसवल्या. यंत्र सुरू झालं, पण सहाऐवजी तीन जीबीच्या आसपासच वापरात दिसले. कारण प्रणाली 32 बिटांची, आणि 32 बिटांत चार जीबीपलीकडचे पत्तेच लिहिता येत नाहीत. टिपणांची प्रत बाहेर काढून ठेवली, मग 64 बिटांची प्रणाली घातली. आजींना म्हणूनच सांगतो, धोका असतो तो इथे, वही हाताळताना. पट्टी बसवताना नाही.

आज पुष्कळ लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डालाच डाखलेली असते. 2008 च्या पहिल्या मॅकबुक एअरमध्येही तसंच होतं. यंत्र पातळ होतं, कधी वेगवानही होतं, ते मान्य. पण तुमची पाटी कायमची केवढी असणार, हे खरेदीच्या दिवशीच ठरून जातं. रिकामी खाच ठेवणारा माणूस वेगळं बोलत असतो. तो म्हणतो, तुमची उद्याची गरज मला आज कळत नाही, म्हणून जागा सोडली आहे. ज्ञानाच्या व्यवहारात यालाच आपण विनय म्हणतो.

तेव्हा जुनं यंत्र भंगारात देण्याआधी एकदा झाकण उघडून बघा. माझी निम्मी टिपणं आता युनिकोडमध्ये आली आहेत. उरलेली होईपर्यंत या म्हाताऱ्या यंत्राने आणि मी, दोघांनी टिकायचं असं ठरलं आहे.