आजी जिजाबाई

बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेवर, जेथें वऱ्हाड संपून मराठवाडा सुरू होतो, तेथें धाड हें गांव आहे. या गांवाच्या दक्षिणेस, त्याच जिल्ह्यांत, सिंदखेडराजा आहे. तेथें लखुजी जाधवरावांच्या वाड्यांत इ. स. १५९८ च्या जानेवारींत जिजाबाईंचा जन्म झाला. धाडहून नैर्ऋत्येस मराठवाड्यांत उतरत गेलें म्हणजे जें मोठें शहर लागतें, त्याला इ. स. २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर हें नांव आहे. एका बाजूस आजीचें माहेर आणि दुसऱ्या बाजूस नातवाचें नांव धारण करणारें शहर, असा या मुलखाचा योग आहे. तथापि जिजाबाईंचें नांव निघालें कीं डोळ्यांपुढें उभी राहते ती शिवाजीमहाराजांची माता. आयुष्याचीं अखेरचीं पंधरा वर्षें त्या एका आईवेगळ्या नातवाच्या आजी होत्या, याचें स्मरण सहसा कोणास होत नाहीं.

दफ्तरांत लढाया, तह, इनामें आणि वतनांचे तंटे यांची नोंद सांपडते. आजीच्या मायेची नोंद कोणी कारकून करीत नसतो. म्हणून आजी या नात्यानें जिजाबाईंची ओळख करून घ्यावयाची, तर कांहीं तारखा शेजारीं शेजारीं मांडून पाहाव्या लागतात.

पहिली तारीख इ. स. १६२९ च्या जुलैमधील आहे. त्या महिन्यांत देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाहाच्या दरबारांत लखुजी जाधवराव, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांचा दग्यानें वध झाला. त्या वेळीं जिजाबाई गरोदर होत्या. पुढें १९ फेब्रुवारी १६३० रोजीं शिवनेरीवर शिवाजीमहाराजांचा जन्म झाला. वडील, भाऊ आणि भाचा एका दिवसांत गमावल्यावर ज्या माउलीनें हें मूल वाढविलें, तिच्यावर आणखी एक घाव व्हावयाचा होता. त्यांचे थोरले पुत्र संभाजी हे शहाजीराजांजवळ कर्नाटकांत असत. कनकगिरीच्या मोहिमेंत ते मारले गेले.

त्यानंतर १४ मे १६५७ रोजीं पुरंदरावर सईबाईंच्या पोटीं नातू जन्मास आला आणि त्याचें नांव संभाजी असें ठेवण्यांत आलें. आपल्या घरांतून गेलेल्या माणसाचें नांव नव्या मुलाला देण्याची चाल महाराष्ट्रांत जुनी आहे. मूल रडूं लागलें, रांगूं लागलें, उंबऱ्याशीं येऊन उभें राहिलें कीं घरांतलें माणूस त्याला हांक मारतें, आणि त्या हांकेबरोबर गेलेलें माणूसहि क्षणभर घरांत येऊन जातें. जिजाबाई आपल्या नातवाला हांक मारीत, तेव्हां त्यांच्या मुखीं थोरल्या पुत्राचेंच नांव येत असे.

सईबाईंना दूध पुरेसें नव्हतें. म्हणून कापूरहोळची धाराऊ ही दाई बाळासाठीं आणली. पुढें ५ सप्टेंबर १६५९ रोजीं राजगडावर सईबाईंचें निधन झालें, तेव्हां संभाजी अवघा सव्वादोन वर्षांचा होता. त्या वेळीं विजापूरचा सरदार अफझलखान चालून आला होता आणि अवघ्या दोन महिन्यांनीं प्रतापगडची भेट व्हावयाची होती. पुढल्याच वर्षीं महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यांत अडकले. बाप सदैव मोहिमेवर आणि आई देवाघरीं, अशा त्या मुलाला रोज संध्याकाळीं जवळ घेण्यास घरांत एक आजीच होती. तिचें वय तेव्हां साठीच्या पुढें गेलें होतें.

या आजीला नातू सुखानें सांभाळूं द्यावा, असें काळाला वाटलें नाहीं. इ. स. १६६४ च्या जानेवारींत शहाजीराजे होदिगेरे येथें शिकारींत घोड्यावरून पडून वारले. पुढल्या वर्षीं पुरंदरचा तह झाला आणि आठ वर्षांच्या संभाजीला ओलीस म्हणून मिर्झाराजे जयसिंहाच्या छावणींत जावें लागलें. इ. स. १६६६ च्या मार्चांत महाराज आग्र्यास निघाले. नातूहि त्यांच्याबरोबर गेला. मागें राज्याचा भार जिजाबाईंवर होता. मोरोपंत पिंगळ्यांसारखे कारभारी हाताशीं होते, हें खरें. परंतु एकुलता उरलेला पुत्र व नातू दोघेहि औरंगजेबाच्या पहाऱ्यांत असतां राज्य चालविणें, म्हणजे काळजावर दगड ठेवून कागदावर शिक्का उठविणें होय.

ऑगस्टांत महाराज आग्र्याहून निसटले. पाठलाग चुकविण्यासाठीं त्यांनीं संभाजीला मथुरेस एका दक्षिणी ब्राह्मण कुटुंबांत ठेवलें व आपण आधीं राजगडास आले. शत्रूनें नातवाचा शोध सोडून द्यावा म्हणून तो वाटेंत वारल्याची आवई उठविण्यांत आली, असें परंपरा सांगते. नातू सुखरूप मागाहून येऊन पोंचेपर्यंत आजीनें ते दिवस कसे काढले असतील, याची कल्पना ज्याच्या घरीं आजी आहे, त्यानेंच करावी.

पुढें रायगडावर ६ जून १६७४ रोजीं राज्याभिषेक झाला. सतरा वर्षांचे संभाजीराजे युवराज म्हणून या समारंभांत होते. रायगडाची उंच, गार हवा जिजाबाईंना सोसत नसे. म्हणून महाराजांनीं गडाच्या पायथ्याशीं पाचाड येथें त्यांच्यासाठीं वाडा बांधला होता. त्याच पाचाडास राज्याभिषेकानंतर अकराव्या दिवशीं, १७ जून १६७४ रोजीं, त्यांनीं देह ठेविला. निश्चलपुरी गोसावी यांनीं पहिल्या विधींत उणीव राहिल्यामुळें अशुभ घडलें असें म्हणून ज्या घटना मोजल्या, त्यांत हा मृत्यूहि होता. आणि २४ सप्टेंबर १६७४ रोजीं तांत्रिक पद्धतीनें दुसरा राज्याभिषेक झाला. दरबारानें तो मृत्यु अपशकुन म्हणून मोजला. घराला त्याचा अर्थ हळूहळू कळावयाचा होता.

चार वर्षांनीं, इ. स. १६७८ च्या डिसेंबरांत, संभाजीराजे वडिलांवर रुसून मोगल सरदार दिलेरखानाच्या गोटांत गेले आणि सुमारें वर्षभरानें पन्हाळ्यास परतले. एप्रिल १६८० मध्यें महाराजांचें निर्वाण झालें, तेव्हां सोयराबाईंच्या पक्षानें दहा वर्षांच्या राजारामास गादीवर बसविण्याचा घाट घातला. या घटनांचीं राजकीय कारणें अनेक आहेत आणि तीं सर्व आजीच्या अभावावर लोटणें योग्य होणार नाहीं. परंतु बाप, लेक आणि सून या तिघांनाहि जिचा शब्द मोडवला नसता, असें माणूस त्या घरांत त्या वेळीं उरलें नव्हतें, एवढें निश्चित. घरांतील वडील स्त्री जाते, तेव्हां तेरा दिवसांत दुःख आटोपल्यासारखें वाटतें. ती गेल्याचें खरें प्रत्यंतर येतें तें पुढें, घरांत वाद निघतो आणि दोन्ही बाजूंनीं धांव घ्यावयास जागा राहत नाहीं, त्या दिवशीं.

आज पाचाडास त्यांची समाधि आहे. सिंदखेडराजा येथें प्रतिवर्षीं १२ जानेवारीस असंख्य माणसें त्यांच्या जन्मस्थानीं लोटतात आणि तेथेंच लखुजी जाधवरावांची भव्य समाधीहि पाहतात. हें स्मरण राजमातेचें आहे आणि तें उचितच आहे. आजीचें स्मरण मात्र दगडांत नसून नांवांत राहिलें आहे. संभाजीराजांना इ. स. १६८२ मध्यें पुत्र झाला, त्याचें नांव आजोबांवरून शिवाजी ठेवलें. तेच पुढें शाहूमहाराज झाले. गेलेल्यांचीं नांवें जिवंत ठेवण्याची घरची रीत नातवानेंहि मोडली नाहीं. देवगिरीच्या ज्या किल्ल्यावर जिजाबाईंचें माहेर एका दिवसांत उजाड झालें, तो किल्ला छत्रपति संभाजीनगराच्या अगदीं जवळ आहे. त्या शहराचें नांव रोज असंख्य लोक घेतात तें नातवाच्या स्मरणार्थ. पण त्याच उच्चारांत कनकगिरीस पडलेल्या थोरल्या लेकाचें नांवहि असतें, जें एका आजीनें नातवाच्या रूपानें पुन्हा घरांत वावरतांना ऐकलें होतें.