विखुरलेली पिसे

पक्षिनिरीक्षणाचा इतिहास बहुधा थोर संशोधकांच्या चरित्रांतून सांगितला जातो. आम्हांस मात्र तो एका लहानशा गद्यप्रकाराचा इतिहास वाटतो. त्या प्रकाराचे नाव ‘नोंद’. दिवस, ठिकाण, पक्षी आणि पाहणाऱ्याचे नाव, एवढाच तिचा ऐवज. एकटी नोंद फारसे बोलत नाही. कोकणातल्या खाडीत अमुक दिवशी तुतवार दिसला, एवढ्यावरून तो कोठून आला हे कळत नाही. पंजाबात तो केव्हा दिसला, मलबारात केव्हा, हे शेजारी शेजारी मांडले म्हणजे स्थलांतराची वाट उमटू लागते.

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी हे फार लवकर ओळखले. १८८५ मध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनामुळे ते आपल्या परिचयाचे आहेत. त्यापूर्वी, १८७२ मध्ये, त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्षिविषयक नियतकालिक सुरू केले होते. नावाचा अर्थच विखुरलेली पिसे. मुलकी आणि लष्करी अधिकारी आपापल्या मुलखातून त्यांना लिहीत. जी. डब्ल्यू. व्हिडाल यांची दक्षिण कोकणातील पक्ष्यांची यादी त्यातच १८८० मध्ये आली. हे लिहिणारे बहुतांशी युरोपीय होते. पक्षी धरून देणारे, कातडी सोलणारे, त्यांना देशी नावांनी ओळखणारे लोक या पानांत नावानिशी क्वचितच भेटतात, हेही येथे नमूद केले पाहिजे.

त्या काळी साक्षीला पुरावा लागे, आणि पुरावा म्हणजे मारलेला पक्षी. यामागे केवळ शिकारीची हौस नव्हती. हिवाळ्यातले छोटे तुतवार आणि वटवटे इतके सारखे दिसतात, की नुसत्या डोळ्यांवर विसंबणे धोक्याचे होते. ह्यूम यांनी १८६७ मध्ये सतलजच्या खोऱ्यात मिळवलेला मोठ्या चोचीचा बोरू-वटवट्या याचे उत्तम उदाहरण आहे. त्या जातीचा तो एकच नमुना कित्येक दशके ज्ञात होता. ही स्वतंत्र जात आहे की नाही, याचीही शंका घेतली गेली.

१८८३ च्या सुमारास ह्यूम यांच्यावर मोठा आघात झाला. अनेक वर्षे जमवलेल्या त्यांच्या हस्तलिखिताची पाने सिमल्याच्या घरातून चोरीस जाऊन रद्दीच्या भावाने विकली गेली. त्यांनी पक्षिशास्त्रातून मन काढून घेतले आणि आपला प्रचंड संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. परंतु ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये छापलेल्या नोंदी उरल्या, कारण त्या अनेकांच्या कपाटांत होत्या. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे ‘लीळाचरित्र’ आठवेल. म्हाइंभटांनी प्रत्यक्षदर्शींकडे जाऊन आठवणी गोळा केल्या. पुढे मूळ पोथी धाडीत गेली तेव्हा ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी राहिली, असे परंपरा सांगते. जे वाटले जाते ते टिकते.

२००६ च्या मार्चमध्ये थायलंडमध्ये फिलिप राउंड यांच्या जाळ्यात एक अनोळखी वटवट्या सापडला. त्यांनी त्याला मारले नाही. पायात कडी घालण्याच्या कामात तो हाती आला होता. त्याच्या पिसांतील डीएनए ह्यूम यांच्या नमुन्याशी ताडून पाहिला, तेव्हा तीच जात निघाली. त्यानंतर ब्रिटनमधील ट्रिंग येथील संग्रहालयाच्या खणात, दुसऱ्या एका वटवट्याच्या नावाखाली, १८६९ मध्ये भारतातच मिळालेला दुसरा नमुनाही आढळला. संग्रहात असणे आणि माहीत असणे, या दोन गोष्टींतले अंतर सुमारे १४० वर्षांचे होते.

बंदुकीची जागा दुर्बिणीने घेतली तसा साक्षीचा प्रश्न बदलला. जफर फतेहअली यांनी १९६० च्या सुमारास सुरू केलेले, आरंभी चक्रमुद्रित असलेले ‘न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स’ हौशी निरीक्षकांच्या टिपणांना खुले होते. २००७ मध्ये ‘मायग्रंटवॉच’ने सामान्य माणसाला हिवाळी पाहुणे केव्हा आले आणि केव्हा परतले एवढेच विचारले. पुढे त्या नोंदी ‘ईबर्ड’च्या जागतिक भांडारात मिळाल्या. आता विश्वास एका शवावर नव्हे, तर अनेक साक्षींच्या मेळावर ठरू लागला.

आमच्या मते या इतिहासाचे मर्म दुर्मीळ पक्ष्यांत नाही. ज्या रुक्ष ओळींना स्वतःचे सौंदर्य नाही, त्यांनाही शेजार मिळाला की अर्थ येतो. खाडीवर दरवर्षी येणाऱ्या साध्या तुतवाराची नोंद म्हणूनच टाकाऊ नाही. उद्या तो आला नाही, तर ते आपल्याला तिच्यामुळेच कळेल.