प्रवेशाचे वय आणि निवाड्याचे वय : महाराष्ट्रातील हॉकीच्या निवडपद्धतीचा एक ऐतिहासिक विचार

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, ही म्हण मराठीत इतकी रूढ आहे की तिच्यामागे पुरावा काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. क्रीडाक्षेत्रात मात्र ती केवळ म्हण राहिलेली नाही. गेल्या सुमारे चाळीस वर्षांत तिला शासकीय धोरणाचे रूप आले आहे. आठ ते चौदा वर्षांच्या मुलामुलींतून भावी खेळाडू निवडावेत व त्यांना निवासी प्रशिक्षण द्यावे, हा विचार आता बहुतेकांनी गृहीत धरलेला आहे. हॉकीच्या इतिहासाशी तो कितपत जुळतो, हे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१९२८ ते १९५६ या काळात भारताने ऑलिंपिक हॉकीत लागोपाठ सहा सुवर्णपदके मिळविली. या वैभवाच्या काळातील थोर खेळाडूंची चरित्रे पाहिली असता पाळण्यातील पायांचा दाखला फारसा सापडत नाही. ध्यानचंद १९२२ मध्ये सैन्यात दाखल झाले, आणि तोवर आपण नाव घेण्याजोगे हॉकी खेळल्याचे आठवत नाही, असे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. त्यानंतर सहाच वर्षांनी अ‍ॅम्स्टरडॅम येथे त्यांनी चौदा गोल केले. महू येथे जन्मलेल्या किशनलाल यांना बालपणी ओढ होती ती पोलोची. हॉकीची काठी त्यांनी चौदाव्या वर्षी हाती धरली. १९४१ मध्ये ते बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत आले, आणि १९४८ मध्ये लंडनला स्वतंत्र भारताने पहिले सुवर्णपदक जिंकले तेव्हा संघाचे नायकत्व त्यांच्याकडे होते. त्या वेळी त्यांचे वय एकतीस होते. आजच्या प्रवेशनियमांची वयोमर्यादा लावली, तर या दोघांच्याही गुणांची ओळख पटण्यापूर्वीच ती उलटून गेली असती.

उशिरा उमललेल्या गुणांना त्या काळी वाव मिळाला, याचे कारण निवड करणाऱ्यांच्या दूरदृष्टीत शोधण्याचे प्रयोजन नाही. ते तत्कालीन व्यवस्थेत होते. छावण्यांची मैदाने, मिशनरी शाळा, रेल्वे, पोलीस, कारखाने आणि १८९६ पासून मुंबईत भरणाऱ्या आगाखान चषकासारख्या स्पर्धा यांची मिळून एक शिडी तयार झाली होती, आणि तिच्यावर कोणत्याही पायरीवरून चढता येत असे. धनराज पिल्ले हे या परंपरेचे बहुधा शेवटचे मोठे उदाहरण होय. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या काठ्यांनी खेळत ते वाढले. वडील बंधू रमेश यांच्यामागे मुंबईस आले. महिंद्र अँड महिंद्रच्या संघात त्यांना स्थान मिळाले. आणि १९८९ मध्ये, एकविसाव्या वर्षी, ते भारताकडून खेळू लागले. पुढे ते चार ऑलिंपिक स्पर्धांत खेळले.

ही शिडी मोडली ती कृत्रिम हिरवळीच्या आगमनाने. १९७५ मध्ये क्वालालंपूर येथे गवतावर विश्वचषक जिंकणारा भारत १९७६ मध्ये माँट्रियलच्या कृत्रिम मैदानावर सातव्या स्थानी गेला. पराभवाची कारणे अनेक असतील. परंतु मूलभूत बदल असा झाला की, खेळ शिकण्याचे मैदान यापुढे सार्वजनिक राहिले नाही. ते मोजक्या ठिकाणी, मोठ्या खर्चाने उभारावे लागणारे साधन झाले. साधन दुर्मीळ झाले की त्याच्या दाराशी पहारा बसतो, आणि पहारा बसला की आत कोणास केव्हा घ्यावयाचे, याचे नियम करावे लागतात. १९८४ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरण स्थापन झाले. पुढील वर्षी आठ ते चौदा वयोगटासाठी त्याची राष्ट्रीय प्रतिभाशोध योजना आली. आणि १९९६ च्या राज्य क्रीडा धोरणानंतर महाराष्ट्रात क्रीडा प्रबोधिनी सुरू झाल्या. या घटनाक्रमाकडे पाहता असे म्हणणे भाग आहे की, लहान वयातील निवड ही बालकाच्या गुणांविषयीच्या नव्या ज्ञानातून जितकी आली, त्याहून अधिक ती मैदानांच्या टंचाईतून आली.

या व्यवस्थेचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्याच्या वैष्णवी फाळके व अक्षता ढेकळे या पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आल्या आणि २०२२ च्या कनिष्ठ विश्वचषकात चौथ्या क्रमांकावर आलेल्या भारतीय संघात दोघी होत्या. निवास, आहार व मैदान यांची सोय लहानपणीच झाली नसती, तर शेतकरी कुटुंबातील मुलींना हा मार्ग खुला झाला असता, असे मानणे कठीण आहे.

तरीही एक भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे, आणि तो भाषेनेच सुचविला आहे. ‘प्रबोधिनी’ या शब्दाच्या मुळाशी जागे करण्याची कल्पना आहे, तर ‘निवडणे’ हे क्रियापद धान्यातील खडे वेगळे काढण्याच्या क्रियेसही लागते. एकाच दाराशी या दोन्ही क्रिया एकाच दिवशी उरकल्या जातात. प्रवेशाच्या वेळी उंची, वजन, धाव, उडी, चेंडूफेक यांची मोजमापे घेतात. परंतु बाराव्या वर्षी त्यांत जे दिसते ते पुष्कळदा लवकर झालेली वाढ असते. कॅनडातील बर्फावरच्या हॉकीसंबंधी रॉजर बार्न्सली यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की, वरच्या दर्जाच्या संघांत वर्षारंभीच्या महिन्यांत जन्मलेले खेळाडू वर्षअखेर जन्मलेल्यांपेक्षा बरेच अधिक असतात. बालपणी काही महिन्यांच्या वडीलपणाला गुण समजले गेले, हाच त्याचा अर्थ. गुलिश, मॅकनमारा व हॅम्ब्रिक यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्यापक संकलनातही असे आढळले की, कुमारवयात चमकणारे खेळाडू आपल्या खेळाकडे लवकर वळलेले असतात. प्रौढपणी जागतिक दर्जा गाठणारे मात्र तुलनेने उशिरा वळलेले आणि बालपणी अनेक खेळ खेळलेले असतात.

मुंबईच्या उत्तरेस मीरा-भाईंदर महानगराच्या किनाऱ्यालगत, उत्तनच्या शेजारी डोंगरी हे गाव आहे. तेथील सोळा वर्षांचा मुलगा हॉकीकडे वळला, तर चर्चगेटजवळच्या हॉकी मैदानावर पोहोचण्यासाठी त्याला आधी भाईंदर स्थानक गाठावे लागते व पुढे ४० किलोमीटरांहून अधिक लोहमार्ग कापावा लागतो. हा लोहमार्ग किशनलाल ज्या कंपनीकडून खेळत, तिनेच चालविलेला होता. किशनलाल यांच्या काळी त्या कंपनीत चाकरी व मैदान ही एकत्रच मिळत. आज त्या मुलास प्रबोधिनीच्या मुख्य चाळणीचे वय उलटून गेलेले असते. थेट प्रवेशाची सोय आहे, परंतु ती पदके मिळविलेल्यांसाठी. आणि पदक मिळविण्यास आधी मैदान लागते.

तेव्हा लहान वयात निवड करावी किंवा नाही, हा प्रश्न या स्वरूपात अपुरा ठरतो. प्रवेशाचे वय आणि निवाड्याचे वय या दोन भिन्न गोष्टी आहेत. बारा वर्षांच्या मुलीस मैदान व पोटभर अन्न देण्यास इतिहासाची कोणतीही हरकत नाही. बारा वर्षांच्या मुलास कायमचे नाकारण्यास मात्र आहे. प्रबोधिनी टिकाव्यात, वाढाव्यात. परंतु त्यांच्या मैदानांवर सोळाव्या व अठराव्या वर्षीही, पदकाची अट न घालता, पुन्हा परीक्षा देता आली पाहिजे. जुन्या शिडीने ही सोय कोणताही नियम न करता दिली होती. आता ती नियम करूनच द्यावी लागेल.