वाड्याचा कागद: लष्करातील खरेदीखते आणि ती वाचणारा वकील

दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला, तो पुन्हा उठला नाही. तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले, छावणीचे शहर झाले, पण नाव ‘लष्कर’ हेच राहिले. महाडिकांची गोठ, चिटणिसांची गोठ, फालके बाजार असे पत्ते आपण आजही लिहितो. त्यातली ‘गोठ’ म्हणजे मराठीतला गोट, सरदाराच्या मुक्कामाची जागा. महाराज बाड्यालगतची गोरखी हे शिंद्यांचे जुने राहते ठिकाण. राजघराणे हलले, देवघर तेथेच राहिले, आणि बाकीच्या इमारतींत शाळा व सरकारी कचेऱ्या आल्या. अटलबिहारी वाजपेयी याच गोरखीच्या शाळेत शिकले.

गोरखीचे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. आपापल्या वाड्याखालची जमीन पूर्वजांना कोणत्या हक्काने मिळाली, हे मात्र फार थोड्या घरांत ठाऊक असते. हा प्रश्न घरात उठतो तो बहुधा वाडा विकायचे ठरल्यावर. एक भाऊ पुण्याला, दुसरा इंदूरला, बहीण परदेशी, वाड्यात म्हातारी काकू आणि तळमजल्यावर तीन भाडेकरू. गिऱ्हाईक उभे असते, आणि कागद कोणाला वाचता येत नाही.

मराठ्यांच्या अमलात जमिनीचा व्यवहार चारचौघांसमोर होई. खरेदीखत मोडीत लिहिले जाई. त्यात देणारा, घेणारा, रक्कम आणि चतुःसीमा असे, आणि शेवटी साक्षी. साक्षीत शेजारी असत, तसेच भाऊबंदही असत, कारण पुढे हक्क सांगायला येणार ते भाऊबंदच. तंटा झाला तर महजर आणि निवाडपत्र होई. त्या काळी माणसांची आठवण हेच दप्तर होते, आणि कागद त्या आठवणीचा आधार. म्हणूनच ‘पूर्वेस अमक्याचे घर, दक्षिणेस रस्ता’ एवढ्यावर भागत असे. आज तो अमका नाही, त्याचे घरही नाही. सीमा जुळवायची तर शेजारच्या वाड्याचा कागदही पाहावा लागतो.

तारखांचेही तसेच. कुठे शक, कुठे संवत, कुठे शुहूर सन. शकात 78 किंवा 79 मिळवावे, संवतातून 57 किंवा 56 वजा करावे, शुहूर सनात 599 किंवा 600 मिळवावे, तेव्हा इसवी सन हाती येतो. एका वर्षाच्या चुकीने दोन खतांचा क्रम उलटा होऊ शकतो, आणि मग आधी विकणारा नंतर विकत घेतलेला दिसतो.

पुढे कचेरीची भाषा बदलली. आपल्या घरातला माणूस खरेदीखत म्हणतो, वकील बैनामा म्हणतो. आपली चतुःसीमा कचेरीत चौहद्दी होते, गहाणखताचे रहननामा होते, मुखत्यारपत्राचे मुख्तारनामा, इसाराचे बयाना. एकाच वाड्याच्या पुडक्यात मोडी, उर्दू, हिंदी आणि इंग्रजी असे चारही कागद निघणे यात नवल नाही. यात फसवा शब्द ‘मुदतखरेदी’. वर खरेदी दिसते, पण ठरल्या मुदतीत पैसे फेडले तर घर परत, म्हणजे पुष्कळदा ते गहाणच असते. 1929 च्या दुरुस्तीने असा व्यवहार गहाण ठरण्यासाठी परतीची अट त्याच दस्तात असणे आवश्यक झाले. त्याआधीच्या कागदाच्या पाठीमागे किंवा जोडचिठ्ठीवर काय लिहिले आहे, हेही वाचले पाहिजे.

कायद्याचीही अशीच थरावर थर रचना आहे. संस्थानात कायदे संस्थानाचे होते. 28 मे 1948 रोजी मध्यभारत झाले. संवत 2008, म्हणजे 1951 च्या कायद्यांनी जमीनदारी व जहागिरी गेल्या. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मध्य प्रदेश झाला. मालमत्ता हस्तांतरणाचा 1882 चा आणि नोंदणीचा 1908 चा कायदा आता आपल्याला लागू आहे. पण 1930 सालचा कागद 1930 साली येथे चालू असलेल्या कायद्यानेच तपासावा लागतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘रजिस्ट्री झाली म्हणजे मालकी झाली’ असे आपण सर्रास म्हणतो. तसे नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात 1858 साली टॉरेन्सची पद्धत आली, तीत सरकार मालकीचीच नोंद करते आणि तिची हमी घेते. आपल्याकडे नोंद होते ती दस्ताची. शंभर रुपयांवरच्या घराची विक्री नोंदलेल्या दस्ताशिवाय होत नाही हे खरे. पण विकणाऱ्याकडे जेवढा हक्क होता तेवढाच घेणाऱ्याकडे जातो, शिक्का कितीही ठळक असो. नगर निगमातले नामांतरण तर कराच्या वसुलीपुरते. मालकीचा शोध सरकार घेत नाही, तो घेणाऱ्याने घ्यायचा असतो, आणि वकील लागतो तो याच कामासाठी.

मुंबईत या कामाला सॉलिसिटर असत आणि अजून आहेत. त्यांची वेगळी परीक्षा असते. आपल्याकडे तो वर्ग कधी रुजला नाही. येथे दस्त लिहिणारा अर्जीनवीस एक, कज्जा लढवणारा वकील दुसरा, आणि मालकीचा शोध या दोघांच्या मधे राहून गेला. 2015 पासून मध्य प्रदेशात ‘संपदा’ची संगणकीय नोंदणी आली, 2024 मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. सर्व्हिस प्रोव्हायडर दस्त भरून देतो, काम झटपट होते. पण तो दस्त भरतो, हक्क तपासत नाही.

मग वकील कसा निवडावा? नावाजलेला पाहू नका, विचारणारा पाहा. पहिल्या भेटीत जो फी आणि मुद्रांकाचा हिशोब सांगतो त्याच्यापेक्षा जो ‘वंशावळ आणा’ म्हणतो तो बरा. मुलींची नावे त्यात आहेत का, हे त्याने विचारलेच पाहिजे. 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच समांशी झाली, आणि त्या दिवशी वडील हयात नसले तरी तिचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेल्या वाटण्या आणि विक्री मात्र त्याने मोडत नाहीत. तेव्हा ‘आमची वाटणी आजोबांच्या वेळीच झाली’ हे वाक्य पुरावा मागते. तोंडी वाटणीची नुसती याददाश्त असेल तर ती नोंदवावी लागत नाही. त्या कागदानेच वाटणी केली असेल तर नोंद हवी. हा बारकावा 1976 च्या निकालात आहे आणि त्यावर घरे टिकतात किंवा जातात.

दुसरा प्रश्न देवाचा. आपल्या कित्येक वाड्यांत देऊळ आहे, देवळाला जागा आहे. ती माफी-औकाफकडची, सार्वजनिक न्यासाची, की घरची? न्यासाची असेल तर 1951 च्या मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास कायद्यानुसार रजिस्ट्रारची मंजुरी आधी लागते. देवस्थानाच्या जमिनीचा मालक देव, पुजारी केवळ व्यवस्थापक, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली मध्य प्रदेशच्याच प्रकरणात सांगितले. तिसरा प्रश्न नजूलचा, म्हणजे जमीन मुळात सरकारची तर नाही ना. चौथा भाडेकरूंचा: 1961 च्या कायद्याचे संरक्षण असलेला भाडेकरू घराबरोबर नव्या मालकाकडे जातो. पाचवा मुखत्यारपत्राचा: परदेशातल्या बहिणीचे मुखत्यारपत्र सही करण्यापुरते चालते, पण मुखत्यारपत्रावर घर ‘विकत घेतले’ असे होत नाही, हे 2011 पासून निर्विवाद आहे.

दलालाने आणलेला एकच वकील दोन्ही बाजूंचे काम करू लागला तर नम्रपणे नकार द्या. ज्याने एका पक्षाला सल्ला दिला त्याने समोरच्या पक्षाचे काम घेऊ नये, हा वकिलांच्या आचारसंहितेचाच नियम आहे. मत लेखी मागा. त्यात कोणते कागद पाहिले, कोणते मिळाले नाहीत, हे असू द्या. मूळ कागद सोपवताना यादी करून पोच घ्या. आणि घरची गोष्ट वकिलापासून लपवू नका. रुसलेल्या चुलत्याचे नाव सांगायला आपल्याला संकोच वाटतो, आणि नेमका तोच पुढे दावा लावतो.

विकणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मालकीतला ठाऊक असलेला दोष घेणाऱ्याला सांगणे हे 1882 च्या कायद्याने विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. त्याच कायद्याने पूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्काचे सर्व कागद घेणाऱ्याला द्यावे लागतात. त्या कागदांतली काही मालमत्ता आपल्याकडे उरत असेल तरच ते ठेवून घेता येतात. म्हणजे वाड्याबरोबर मोडीचे पुडकेही जाते. घेणाऱ्याला त्यातले तीस वर्षांचे कागद हवे असतात. उरलेले, पणजोबांच्या सहीचे, बहुधा माळ्यावरच्या भंगारात निघतात.

तीस वर्षांहून जुना कागद योग्य ठिकाणी जपलेला असेल तर तो खरा मानण्यास न्यायालय तयार असते. हा नियम 1872 च्या पुरावा कायद्यात होता आणि नव्या साक्ष अधिनियमातही आहे. ‘योग्य ठिकाणी’ म्हणजे ज्या घरात तो असायला हवा त्या घरात. म्हणून विक्रीची बोलणी सुरू होण्याआधीच पुडके सोडा. मोडी वाचणारा जाणकार आहे तोवर त्याच्याकडून लिप्यंतर करून घ्या, प्रत्येक कागदाची छायाप्रत काढा, भावाबहिणींना एकेक संच पाठवा. वकिलाचे काम त्याने निम्मे होते. घर विकणे कधी कधी अटळ असते आणि त्यात कमीपणा नाही; पण ते घर आपले कसे झाले होते, हे तरी विकण्यापूर्वी एकदा वाचून घेतले पाहिजे.