समुद्र, पठार आणि पुन्हा समुद्र

वलवणच्या धरणाकाठी उभे राहिले की टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाचा इतिहास आठवतो. १९१५ पासून या घाटमाथ्यावरचे पाणी खोपोलीला उतरून मुंबईला वीज देऊ लागले. त्यानंतर बाराच वर्षांनी घाटावरच्या पठाराने मुंबईला आणखी एक गोष्ट दिली; तिची आठवण मात्र फारशी निघत नाही. ती म्हणजे लंडनशी बिनतारी संबंध.

त्याआधी परदेशाशी संबंध समुद्रातून होता. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने मुंबई ते एडन तार अंथरली आणि लंडनचा निरोप मुंबईच्या किनाऱ्यावर उतरू लागला. सुमारे अर्धशतक ही मिरासदारी टिकली. १९२७ मध्ये खडकी आणि दौंड येथील केंद्रांवरून इंग्लंडशी 'बीम' पद्धतीची बिनतारी सेवा सुरू झाली. बिनतारी संदेश स्वस्त पडू लागले आणि समुद्रतारेच्या कंपन्यांचे आसन डळमळले. मग जे सहसा घडते तेच घडले: स्पर्धा मिटवण्यासाठी दोहोंचे एकीकरण झाले. भारतात हे १९३२ मध्ये झाले. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, ही सेवा सरकारने ताब्यात घेतली.

पुढे जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे उपग्रह भूस्थानक उभे राहिले. त्याला विक्रम साराभाईंचे नाव देण्यात आले. पुन्हा पुणे जिल्ह्याचेच पठार! आता समुद्रतार कालबाह्य झाली, असेच कोणालाही वाटले असते. परंतु उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. तिथवर जाऊन परतताना आवाज रेंगाळतो. १९९० च्या दशकात प्रकाशतंतूंच्या तारा समुद्रतळातून मुंबईला येऊन पोहोचल्या आणि वाहतुकीचा मुख्य ओघ पुन्हा किनाऱ्याकडे वळला.

यावरून आम्हांला दोन गोष्टी जाणवतात. जुने तंत्र नेहमी मरत नाही. ते रूप पालटून परत येते. आणि यंत्रे बदलली, मालकही बदलले (१९८६ मध्ये सरकारी कंपनी, २००२ मध्ये टाटांकडे सूत्रे), तरी मुंबई हे नाके हलले नाही. वलवणच्या पाण्यावर पहिले दिवे लावणारे घराणे अखेर समुद्रतारांचेही धनी व्हावे, हा योगायोग लक्षणीय आहे.

मात्र एक प्रश्न उरतो. शब्दागणिक पैसे मोजून पाठवायची परदेशी तार व्यापाऱ्यांची आणि सरकारची होती. मावळातल्या घरी ती येई तेव्हा बहुधा काळजाचा ठोकाच चुकत असे. आज त्याच घरातील आजी परदेशी नातवाशी रोज बोलते. जाळ्याच्या इतिहासातले खरे स्थित्यंतर हेच, असे आम्ही मानतो. तारांचा इतिहास लिहिताना तो आजीच्या बाजूनेही लिहिला गेला पाहिजे.