शमुवेल, सॅम आणि समाजी

सीएसएमटीवरून सुटलेली लोकल पहिल्यांदा थांबते ती मशीद बंदरला. ज्या मशिदीवरून या स्टेशनाला नाव पडलं असं सांगतात, ती मुळात मुसलमानांची मशीद नाही. ते ज्यूंचं सिनेगॉग आहे. कोकणातले बेने इस्राएल आपल्या प्रार्थनास्थळाला मराठीत ‘मशीद’च म्हणायचे. हे सिनेगॉग १७९६ साली उभं राहिलं आणि ते बांधणाऱ्याचं नाव होतं समाजी हसाजी दिवेकर.

नाव वाचून तुमच्या डोळ्यांसमोर पागोटं घातलेला एखादा मावळा आला असेल. पण समाजी म्हणजे सॅम्युअल आणि हसाजी म्हणजे इझिकिएल. दोन्ही नावं थेट बायबलमधली, फक्त कोकणात मुरलेली.

त्यातलं पहिलं नाव जरा उघडून बघू. मूळ हिब्रू उच्चार ‘श्मुएल’. मराठी बायबलमध्ये ते ‘शमुवेल’ असं येतं. हन्ना नावाच्या बाईला मूल होत नसतं. ती शिलो इथल्या मंदिरात जाऊन मुलासाठी नवस बोलते. ती ओठ हलवतेय पण आवाज येत नाही, हे बघून एली नावाच्या याजकाला वाटतं की बाई प्यायलेली आहे. पुढे तिला मुलगा होतो आणि ती त्याचं नाव शमुवेल ठेवते. कारण काय सांगते? ‘मी याला देवाकडे मागितलं.’

इथेच गडबड आहे. हिब्रूत ‘मागणं’ याचा धातू आहे ‘शाअल’. त्यापासून सरळ बनणारं नाव म्हणजे ‘शाऊल’, अर्थात ‘मागितलेला’. आणि शाऊल (मराठी बायबलमधला शौल) कोण? इस्राएलचा पहिला राजा. त्याला अभिषेक करणारा आणि पुढे देवाने त्याला नाकारल्याचं सांगणारा संदेष्टा म्हणजे हाच शमुवेल! म्हणून काही अभ्यासकांनी असं मांडलं की ही जन्मकथा मुळात शौलाची असावी आणि नंतर ती शमुवेलाला चिकटली. इतरांचं म्हणणं वेगळं आहे. बायबलमधली नावांची स्पष्टीकरणं व्याकरणावर नाही, नादावर चालतात. ऐकायला जुळलं की झालं.

‘देवाने ऐकलं’ असाही अर्थ सांगितला जातो. पण ‘ऐकणं’ या धातूत असलेलं ‘आयिन’ हे अक्षर श्मुएलमध्ये नाही. ते आहे इश्माएलमध्ये, म्हणजे अरबीतल्या इस्माईलमध्ये. ‘देव ऐकतो’ हा अर्थ त्या नावाचा. उरतो तो अर्थ साधा आहे: ‘शेम’ म्हणजे नाव, ‘एल’ म्हणजे देव. देवाचं नाव. म्हणजे या नावाचा अर्थच ‘नाव’ आहे.

नाव पसरलं कसं, हेही बघण्यासारखं आहे. इस्लामपूर्व अरबस्तानात समौअल नावाचा एक ज्यू कवी होता; दिलेला शब्द पाळण्याबद्दल त्याचं नाव अरबीत म्हणीसारखं वापरतात. अकराव्या शतकात स्पेनमधल्या ग्रॅनडाच्या मुस्लिम राज्याचा वजीर होता श्मुएल हा-नागीद, तोही ज्यू आणि कवी. ख्रिस्ती बल्गेरियात त्याच सुमारास सामुइल नावाचा राजा होऊन गेला. त्याच्या भावांची नावं डेव्हिड, मोझेस आणि आरोन!

पश्चिम युरोपातल्या ख्रिस्ती घरांत मात्र संतांच्या नावांची चलती होती. सोळाव्या शतकात धर्मसुधारणा झाली. प्रॉटेस्टंट, त्यातही इंग्लंडमधले प्युरिटन, संतांकडे पाठ फिरवून जुन्या करारातली नावं ठेवू लागले. मग रोजनिशीवाला सॅम्युअल पीप्स (१६३३), शब्दकोशवाला सॅम्युअल जॉन्सन (१७०९), तारायंत्रवाला सॅम्युअल मोर्स (१७९१), आणि मार्क ट्वेन या नावाने लिहिणारा सॅम्युअल क्लेमेन्स (१८३५). ‘अंकल सॅम’ही सैन्याला मांस पुरवणाऱ्या सॅम्युअल विल्सनवरून आला असं मानतात; १९६१ साली अमेरिकन काँग्रेसने तसा ठरावच केला. अमेरिकेत मुलग्यांच्या पहिल्या पन्नास नावांत ते आजही आहे.

आता परत कोकणात. बेने इस्राएल रायगडच्या गावांत तेलाचे घाणे चालवायचे. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, काम बंद ठेवायचे, म्हणून ‘शनवार तेली’. आडनावं गावांवरून: दिवेकर, केहिमकर, पेणकर, रोहेकर. आणि नावं? अब्राहमचा आबाजी, आयझॅकचा इसाजी, सॅम्युअलचा समाजी. शेवटचा ‘एल’, म्हणजे प्रत्यक्ष देवच, गळून गेला आणि त्याच्या जागी मराठी ‘जी’ आला.

समाजी हसाजी कंपनी सरकारच्या सैन्यात अधिकारी होते. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात ते टिपूच्या कैदेत सापडले. तुम्ही बेने इस्राएल आहात हे कळल्यावर टिपूच्या आईने रदबदली केली, कारण ‘बनी इस्राईल’ कुराणात आहेत, अशी आख्यायिका आहे. सुटलो तर सिनेगॉग बांधीन असा नवस त्यांनी बोलला होता म्हणतात. म्हणजे हन्नासारखाच.

एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळा, मराठी बायबल आणि इंग्रजी शिक्षण आलं. समाजीचे परत सॅम्युअल झाले. या समाजाचा इतिहास लिहिणाऱ्यांचं नाव हाईम सॅम्युअल केहिमकर. समाजी हसाजीसुद्धा पुस्तकांत सॅम्युअल इझिकिएल दिवेकर म्हणून भेटतात आणि त्या भागातला रस्ता सॅम्युअल स्ट्रीट आहे.

माझ्या कामाच्या भाषेत याला ‘डुप्लिकेट रेकॉर्ड’ म्हणतात. सारख्या उच्चारांची नावं ओळखायला साउंडेक्स नावाची जुनी पद्धत आहे. तिचं पेटंट १९१८ चं. रोमन लिपीतल्या नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर काढायचे, उरलेल्या व्यंजनांना आकडे द्यायचे. सॅम्युअल, श्मुएल, समौअल या तिघांचाही कोड येतो एस-५४०. समाजीचा येतो एस-५२०. जे नाव हिब्रूतून अरबी आणि इंग्रजीत गेलं तरी मशीनला ओळखू येतं, ते मराठीत आल्यावर येत नाही.

आपणही नावावरून माणसाचा धर्म, जात, गाव ओळखायला जातो आणि साउंडेक्सपेक्षा फार हुशार नसतो. सॅम्युअल ऐकलं की ख्रिस्ती, समाजी ऐकलं की मराठा, मशीद ऐकलं की मुसलमान. तिन्ही उत्तरं चूक, आणि तीही एकाच माणसाच्या बाबतीत. मशीद बंदरला रोज हजारो माणसं चढतात-उतरतात. त्या स्टेशनाच्या नावामागे एका मराठी ज्यूने फेडलेला नवस आहे, हे पाटीवर कुठे लिहिलेलं नाही.